सत्कार कार्यालयाचा व्हावा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत डोकवा, दोन फायली हमखास धावताना दिसतील. एक, ३१ तारखेच्या आत खर्ची पाडायच्या निधीची आणि दुसरी, आठ तारखेच्या महिला दिनाची. शाली किती, श्रीफळे किती, सन्मानचिन्हावर नावे कोणाची, मंचावर कोण. रांगोळी अंगणवाडी सेविकांकडे, स्वागतगीत आणि सूत्रसंचालन शिक्षिकांकडे, चहा-नाश्ता बचतगटाकडे, अध्यक्षस्थानी साहेब. ज्यांचा सत्कार व्हायचा त्याच बाया सकाळपासून सतरंज्या घालत असतात. दुपारी फोटो होतात, संध्याकाळी ते व्हॉट्सअॅप गटावर पडतात आणि नऊ तारखेला सगळ्या जणी आपापल्या टेबलावर, आपापल्या पोडावर म्हणजे कोलाम वस्तीवर, आपापल्या उपकेंद्रात हजर होतात. कार्यालय होते तसेच असते.

ही पुस्तिका त्या कार्यालयाविषयी आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या ठिकाणी बाईमाणसाला बरोबरीने काम करता येते का, हे कशावरून ओळखायचे आणि करता येत असेल तर त्याची दखल कशी घ्यायची, एवढाच तिचा विषय. तपशील पुढच्या पानांवर आहेत, पण विषयातली मूळ अडचण आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडे दखल घेतली जाते ती व्यक्तीची आणि व्यक्तीच्याही सोसण्याची. नाल्याला पूर असताना पलीकडच्या कोलाम पोडावर जाऊन लसीकरण करून आलेली आरोग्यसेविका आपल्याला पुरस्कारासाठी लगेच आठवते. आठवावीच. पण तिला शाल देताना नाल्यावरचा पूल कोणाच्या लक्षात राहत नाही आणि गंमत अशी, की असा पूल बांधणे हे बहुधा त्याच जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे काम असते. एका विभागाने न केलेल्या कामाचा सत्कार दुसऱ्या विभागाने करायचा, असा हा व्यवहार आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. वर्षातून एकदा धाडसी बाईचा सत्कार करण्यापेक्षा, जिथे नोकरी करायला बाईला धाडस लागत नाही अशा कार्यालयाचा सत्कार करावा.

यवतमाळ या बाबतीत मागच्या बाकावरचा जिल्हा नाही, हे इथे नोंदवायला हवे. महाराष्ट्रातल्या पंचायत राज्याचा आराखडा ज्या समितीने आखला तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६० मध्ये ती समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्या कायद्यात बायकांची सोय होती, पण कशी? एकही स्त्री निवडून आली नाही, तर एक-दोघींना सदस्य म्हणून घ्यावे, अशी. म्हणजे बाई निवडून येणार नाही हे गृहीतच होते. नाईकांचे पुतणे सुधाकरराव मुख्यमंत्री असताना, १९९३ च्या जानेवारीत, राज्य महिला आयोग स्थापन झाला. त्याच्या आधी १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू होऊन एकतृतीयांश जागा घटनेनेच पक्क्या केल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हा आकडा ५० टक्क्यांवर नेला.

पण आरक्षण यायच्या आधीच कळंब तालुक्यातल्या मेटीखेड्याने सगळ्याच्या सगळ्या जागांवर बाया निवडून दिल्या होत्या, १९८९ मध्ये. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले, त्यानंतर गावोगाव संपूर्ण महिलांचे पॅनेल उभे करण्याची हवा तयार झाली. जळगाव जिल्ह्यातले विटनेर आणि आपले मेटीखेडा ही त्यातली गाजलेली नावे. अशा सर्वमहिला पंचायतींचा पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेच्या पुढाकाराने अभ्यास झाला आणि १९९८ मध्ये तो इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. पुस्तकाच्या नावातच प्रश्न होता: मग चपात्या कोण करणार? तीस वर्षे होत आली, पण सभा लांबली की पंचायत समितीच्या दारात बाईच्या मोबाइलवर येणारा फोन अजून साधारण हाच प्रश्न विचारतो.

या इतिहासाचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण तो सगळा खुर्चीचा इतिहास आहे. निम्म्या खुर्च्यांवर बाया बसल्या म्हणजे समानता आली, असे आपण धरून चाललो आणि तिथेच थांबलो. खुर्चीचे काय होते ते २०२२ च्या मार्चमध्ये दिसले. जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या आणि प्रशासक आले. पन्नास टक्के एका दिवसात शून्यावर आले. त्या दिवशी इमारतीत ज्या बाया उरल्या त्या कर्मचारी होत्या: कनिष्ठ सहायक, परिचर, आरोग्यसेविका, पर्यवेक्षिका, ग्रामसेविका, शिक्षिका, आणि कागदोपत्री कर्मचारी नसलेल्या सेविका, मदतनीस, आशा. कारभार त्यांच्याच हातून चालत राहिला. लोकप्रतिनिधी स्त्रियांवर परिसंवाद होतात, प्रशिक्षणे होतात, प्रबंध लिहिले जातात. या दुसऱ्या फळीच्या कामाच्या ठिकाणाकडे मात्र कोणी पाहत नाही.

आता थोडे जवळून पाहू. ग्रामपंचायतीचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. एक मोठी खोली, लोखंडी कपाट, त्यात एक ते तेहेतीस नमुन्यांच्या नोंदवह्या, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी, कोपऱ्यात संगणक आणि त्यावर बसलेला परिचालक. नमुना आठचा उतारा हवा म्हणून दोघे-तिघे उभे. खुर्चीत सरपंच बाई असली तर समोरच्या बाकावर तिचा नवरा असतो आणि येणारा माणूस बाकाकडे तोंड करून बोलतो. हे दृश्य आता इतके चावून झाले आहे, की त्यावर हसण्यातही दम राहिलेला नाही. मला त्यात दुसरीच एक वस्तू महत्त्वाची वाटते. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ऑनलाइन सुटतो. त्यासाठी ग्रामसेवकाची आणि सरपंचाची, दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी बोटाएवढ्या एका पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. पूर्वी बाईची सही घ्यायला रजिस्टर तरी घरी न्यावे लागे. चुलीपाशी का होईना, ते तिच्या हातात पडे आणि वाचायची इच्छा असली तर तिला वाचता येई. आता टोकन ज्याच्या खिशात आणि ओटीपी ज्याच्या मोबाइलवर, त्याच्या हातात सरपंचपद. एखाद्या गावात कारभार खरोखर बाईच्या हाती आहे का, हे पाहायला मुलाखत घ्यायची गरज नाही. टोकन कुठे ठेवता, एवढे विचारावे.

बाई खुर्चीत बसून खरोखर कारभार करू लागली की काय होते, याचेही दाखले आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना अपात्र ठरवले गेले होते. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींना पचले नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. ग्रामपंचायत अधिनियमात राखीव जागेवरच्या महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठरावाला तीनचतुर्थांश बहुमताची अट घातली गेली, तीही अशाच अनुभवांतून. कायद्याने खुर्चीचे पाय भक्कम केले. टेबलांचे काय?

टेबल हा जिल्हा परिषदेतला कळीचा शब्द. कोणाकडे कोणते टेबल आहे यावर माणसाचे वजन ठरते. बांधकाम, लघुसिंचन, पाणीपुरवठा, बिले ही वजनदार टेबले. आवक-जावक, अभिलेख, सेवापुस्तके ही बिनवजनाची. नोकरभरतीत बायकांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे माणसे मोजली तर आकडा बरा दिसतो. पण टेबले मोजा. आवक-जावकला बाई आणि बांधकामाच्या फायलीवर पुरुष ही वाटणी कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही, तरी ती बहुतेक कार्यालयांत सारखीच दिसते. कारण विचारले तर उत्तर प्रेमाचे असते. मॅडमला कशाला त्रास, ठेकेदार येतात, साइटवर जावे लागते, उशीर होतो. त्रास वाचवता वाचवता पुढे वरची जागा रिकामी होते तेव्हा त्या कामाचा अनुभव मॅडमच्या नावावर नसतो.

बदल्यांचेही असेच. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात महिलांसाठी प्रतिकूल शाळा असा प्रकार आहे: रस्ता नाही, वस्ती दूर, जंगल, अशा ठिकाणी शिक्षिका देऊ नये. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजीच्या आडभागात अशी गावे शोधायला फार फिरावे लागणार नाही. हेतू चांगला आहे, हे मी मान्य करते. पण जी शाळा शिक्षिकेला प्रतिकूल, ती तिथल्या सातवीच्या मुलीला अनुकूल कशी? यादीत नाव घातले की रस्त्याचा प्रश्न मिटल्यासारखा होतो आणि त्या पोडावरच्या मुली बाई शिक्षिकेशिवाय शिकतात.

याच्या उलट टोकाला मुख्यालयाचा नियम. ग्रामसेविकेने, आरोग्यसेविकेने, शिक्षिकेने नेमणुकीच्या गावी राहावे, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडावा. नियम लोकांच्या सोयीचा आहे आणि तो पुरुषही सर्रास मोडतात. पण तीनशे उंबऱ्यांच्या गावात एकट्या बाईला भाड्याने खोली कोण देतो? दिली तर संडास-बाथरूम आत आहे का? उपकेंद्राच्या निवासस्थानाला कडी नीट लागते का, छप्पर गळते का, रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन कोणी दार ठोठावले तर बाहेर दिवा आहे का? मुख्यालयी राहत नाही म्हणून नोटीस काढणारे टेबल आणि त्या निवासस्थानाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव अडवणारे टेबल बरेचदा एकाच मजल्यावर असते.

म्हणून बहुतेक जणी तालुक्याच्या गावी खोली करून ये-जा करतात. मूर्तिजापूरची शकुंतला ही जुनी रेल्वेगाडी कधीच थांबली. वर्ध्याहून नवी रेल्वे २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली, पण जिल्ह्याचे हिंडणे-फिरणे अजून एसटीवरच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचा हिशेब या नोकरदार बायकांना विचारा. महिला दिनाच्या कितीतरी भाषणांपेक्षा त्याने त्यांच्या पर्सला जास्त आधार दिला. आता त्या एसटीच्या शेवटच्या फेरीची वेळ आणि आढावा बैठकीची वेळ समोरासमोर ठेवा. साहेब जिल्ह्याहून उशिरा आले म्हणून चारची बैठक साडेपाचला सुरू होते. बाकीचे मोटारसायकलने घरी जातात. ग्रामसेविका मात्र बैठक संपेपर्यंत तीनदा घड्याळ पाहते आणि 'कामात लक्ष नाही' अशी तिची ख्याती होते. गोपनीय अहवालात अशा ख्यातीला रकाना नसला तरी शेरा असतो.

या सगळ्या जणींना निदान सेवापुस्तक आहे. ज्यांना तेही नाही त्यांच्याकडे यायला हवे. एकात्मिक बालविकास योजना देशात १९७५ मध्ये सुरू झाली, त्या पहिल्या प्रकल्पांत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले धारणी होते. पन्नास वर्षे झाली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनावर होत्या, मानधनावरच आहेत. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, महिला ग्रामसभेसाठी घरोघरी जाऊन बाया गोळा करणे, आणि त्या आल्याच नाहीत तर रजिस्टर घेऊन सह्या-अंगठे गोळा करणे. हे सगळे त्या करतात आणि तरीही त्या कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविका. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया यांच्या खटल्यात या बायकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असे ठरवले. खटला गुजरातचा, पण उपयोग सगळ्यांना. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर २०२३ ला, महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारी संपत येईपर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, तेव्हा राज्यभरातल्या बायकांना महिना १,५०० रुपये मिळावेत म्हणून अर्ज भरून घेत बसल्या त्या याच. एका अर्जामागे ५० रुपये भत्ता ठरला होता. योजनेचे श्रेय कोणाचे यावर पुढाऱ्यांत बरीच ओढाताण झाली. सेविकांचे नाव त्यात कोणी घेतले नाही.

यवतमाळने एकदा मात्र अशा एका बाईला फार मोठ्या मंचावर पाहिले. २०१९ च्या जानेवारीत इथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लेखिका नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्याने गदारोळ उठला, तो सर्वांना आठवत असेल. त्यानंतर उद्घाटनाचा मान वैशाली येडे यांना दिला गेला. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या शेतकरी विधवा, अंगणवाडीत मदतनीस. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे. सगळ्या वर्तमानपत्रांनी येडे यांची ओळख शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातली विधवा अशी करून दिली आणि ती खरीच होती. पण त्या सरकारी योजनेत रोज काम करणाऱ्या बाई होत्या, ही ओळख बातमीच्या शेवटच्या ओळीत गेली. दुःखाला मंच मिळाला आणि नोकरी मागेच राहिली. त्या दिवशी कोणी मदतनिसांच्या मानधनाचा प्रश्न त्याच मंचावर धसास लावला असता तर निमंत्रणाच्या वादातून निदान काहीतरी पदरात पडले असते, असे मला अजून वाटते.

विधवेचा विषय निघालाच आहे तर कार्यालयातल्या हळदीकुंकवाचाही काढू. या जिल्ह्यात नवरा गमावून नोकरीला लागलेल्या बाया पुष्कळ. कोणी अनुकंपा तत्त्वावर लिपिक म्हणून, कोणी मदतनीस म्हणून, कोणी नगर परिषदेत लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने सफाईच्या कामावर. संक्रांतीनंतर पंचायत समितीच्या सभागृहात महिला कर्मचाऱ्यांचे हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते. त्या दुपारी अनुकंपावर लागलेली बाई आपल्या टेबलावर एकटीच फाईल उघडून बसलेली असते. तिला कोणी येऊ नको म्हणालेले नसते आणि ये असेही म्हणालेले नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्याने लगेच इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. गावाला ठराव करायला सांगणाऱ्या कार्यालयांनी आपल्या सभागृहापासून सुरुवात करावी, असे परिपत्रकात लिहिलेले नव्हते. ते लिहावे लागू नये, पण लागते.

छळाच्या तक्रारीचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला मुळातच स्थानिक कारभाराचा वास आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध आज जो कायदा आहे त्याची सुरुवात एखाद्या बड्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत झाली नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन होत्या, तुटपुंज्या मानधनावर गावपातळीवर काम करणाऱ्या. म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच. १९९२ मध्ये बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १३ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कागदावरच राहतात असे दिसल्यावर 'आलोचना'च्याच मेधा कोतवाल लेले यांच्या पत्राची याचिका झाली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले. २०१३ मध्ये कायदा झाला. गावातल्या मानधनी बाईच्या हालांतून जन्मलेला हा कायदा गावातल्या मानधनी बाईपर्यंत पोचला का, हा प्रश्न तरी आपण स्वतःला विचारायला हवा.

कायद्याने तिला बाहेर ठेवलेले नाही. कायमस्वरूपी, कंत्राटी, रोजंदारी, मानधनी, अगदी विनामोबदला काम करणारीही त्यात येते. अडचण रचनेत आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती हवी. ग्रामपंचायतीत दहा माणसे असतात कुठे? अंगणवाडीत तर दोनच. अशांनी, किंवा जिची तक्रार कार्यालयप्रमुखाविरुद्धच आहे तिने, जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जायचे. उमरखेड किंवा वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास. हे ओळखूनच कायद्याने तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायला सांगितला, ज्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी. आपल्या सोळा तालुक्यांतल्या कुठल्याही सेविकेला विचारा, तुमच्या तालुक्याचा हा अधिकारी कोण? उत्तर आले तर त्या तालुक्याला अर्धे गुण तिथेच द्यावेत. समिती नसली तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून समित्या असतात. आदेश निघालेला असतो, नावांचा फलक जिन्याखाली असतो. त्यावरच्या एखाद्या मॅडमची दोन वर्षांपूर्वी बदली झालेली असते. बाहेरच्या संस्थेची म्हणून जी सदस्य असते तिला आपण सदस्य आहोत हे कधीकधी बैठकीच्या फोनवरूनच कळते.

मग दखल घ्यायची कशाची? पुरस्काराने कारभार बदलतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षिसापोटी का होईना गावेच्या गावे हातात खराटा घेऊन उतरली. यशवंत पंचायत राज अभियानात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आपले अहवाल घेऊन चढाओढीने उतरतात. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना ठरवल्या, त्यांतली नववी महिला-स्नेही गावाची. गावातल्या मुलींची पटनोंदणी, बालविवाह, बचतगट हे सगळे त्यात तपासले जाते. ते योग्यच, पण त्या गावाचा कारभार जिथून चालतो त्या खोलीत बाईची काय अवस्था आहे, हे तिथेही फारसे विचारले जात नाही. आणि २०२३ पासून अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांचा सन्मान होऊ लागला. जिल्ह्यात ग्रामपंचायती बाराशेच्या आसपास, म्हणजे शालींची काही कमतरता नाही.

संस्थेलाच दर्जा देण्याची कल्पना इतरत्र रुजली आहे. ब्रिटनमध्ये विद्यापीठांसाठी २००५ मध्ये 'अथेना स्वान' सनद आली. त्यात कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे मिळतात ते विभागाला आणि विद्यापीठाला, एकट्या प्राध्यापिकेला नव्हे. आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने त्यावरूनच २०२० मध्ये 'गती' हा उपक्रम काढला. प्रयोगशाळांना हे लागू पडते तर पंचायत समितीला का पडू नये?

लागू करायला जावे तर पहिला धोका कागदाचा. आपल्या कार्यालयांना अहवाल लिहिता येतो. स्वच्छतागृह आहे का, या प्रश्नाला 'होय' आणि सोबत रंगीत छायाचित्र. त्याला कुलूप आहे, किल्ली वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या शिपायाकडे आहे आणि पाणी सकाळी अकरापर्यंतच असते, हे छायाचित्रात येत नाही. गाडगेबाबा अभियानातही तपासणी समिती येणार म्हटल्यावर आदल्या रात्री चुना पडायचा. म्हणून तपासणी सांगून करू नये आणि मुख्य म्हणजे ती कार्यालयप्रमुखाच्या दालनातून सुरू करू नये. मागच्या दाराने जावे. सफाईवाली बाई कुठे डबा खाते, तिला बसायला जागा आहे का, कंत्राटदार तिला हातमोजे देतो का, प्रसूतीची रजा मागितली तेव्हा काय उत्तर मिळाले, तिथून वर चढत यावे. बालसंगोपनाची १८० दिवसांची रजा जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून मिळते. कार्यालयात ती किती जणींनी मागितली यापेक्षा किती जणींनी मागायचे टाळले, हे बोलण्यातून काढावे लागेल. बैठकांची इतिवृत्ते काढून सुरुवातीची आणि संपल्याची वेळ पाहावी. टेबलांचे वाटप पाच वर्षांचे पाहावे. गटावर रात्री दहानंतर 'तात्काळ माहिती सादर करा' असे किती संदेश पडले, हे तर मोबाइलवर बोट फिरवूनच मोजता येते.

दुसरा आक्षेप पैशांचा येईल, आणि तो तितका खरा नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शिवणयंत्रे आणि सायकली वाटण्यात ते वर्षानुवर्षे जातात. त्या निधीतून काही करायला नियम आडवे येत असतील तर नियम बदलायची शिफारस करण्याइतके वजन जिल्हा परिषदेला आहे. शिवाय बैठक दुपारी दोनला घ्यायला, आवक-जावकच्या मॅडमला बांधकामाचे टेबल द्यायला, फलकावरची जुनी नावे पुसायला एक पैसाही लागत नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. पुरुष कर्मचाऱ्यांचे काय? तो रात्रीच्या बैठकीत अडकतो, त्याचेही लेकरू आजारी असते, त्यालाही आडगावी खोली मिळत नाही. बरोबर आहे. कार्यालय बाईच्या सोयीचे केले तर त्याच्याही गैरसोयी कमी होतात, पण तो फायदा म्हणून सांगून मला विषय गोड करायचा नाही. बाईला जे मिळायला हवे ते पुरुषाचाही फायदा होतो म्हणून मिळावे, असा सौदा नको.

पुढच्या पानांत प्रश्नावली आहे. ती वापरणाऱ्यांना एक विनंती. तपासणी समितीत गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, एखादे प्राध्यापक असतीलच. यवतमाळात समाजकार्य शिकवणारे महाविद्यालय आहे, त्यांचे विद्यार्थीही घ्यावेत. पण दोन जागा दुसऱ्या तालुक्यातल्या अंगणवाडी मदतनीस आणि नगर परिषदेच्या सफाई कामगार बाईसाठी ठेवाव्यात. त्यांना त्या दिवसाचा प्रवासभत्ता द्यावा आणि तो अधिकाऱ्यांच्या दराने द्यावा. गुण देताना त्यांचे मत वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावे आणि इतरांच्या मतापेक्षा ते फार वेगळे निघाले, तर निकाल लावण्याआधी ते कार्यालय पुन्हा पाहून यावे.